सातव्या सामन्यातला सहा नंबर

८ ऑक्टोबर १९९४, शनिवार

आज एमिलने तो खोका खाली काढला. कपाटाच्या वरच्या फळीवर, ख्रिसमसच्या दिव्यांच्या मागे होता. लग्नाला तेरा महिने झाले, त्या कपाटावर मी तीनदा तरी फडकं मारलं असेल, आणि हा खोका मला दिसला नव्हता. दडवून ठेवला होता असं मी म्हणत नाही. पण मनात आलं.

निमित्त संपाचं. यंदा बेसबॉलचे खेळाडू संपावर, मालक हट्टाला पेटलेले, आणि नव्वद वर्षांत पहिल्यांदाच ऑक्टोबरात अजिंक्यपदाचे सामने नाहीत. आठवडाभर एमिल बंद टीव्हीसमोर बसून होता. शेवटी मीच म्हटलं, "काहीतरी कर रे बाबा. निदान पानं तरी गोळा कर."

त्याने पानं गोळा केली नाहीत, खोका काढला. आत पत्ते, दोन फासे (एक तांबडा, एक पांढरा), एक तक्ता, आणि खाली वह्यांची चळत. पन्नासच्या दशकातला बेसबॉलचा पत्त्यांचा खेळ. एका खेळाडूचा एक पत्ता. फासे टाकायचे, पडलेला आकडा पत्त्यावर शोधायचा, समोर लिहिलेलं असतं की चेंडू कुठे गेला. खोक्यात काही कोरे पत्तेही यायचे. एमिलने त्यांवर १९५१ च्या आमच्या खोऱ्याच्या अंतिम मालिकेतले दोन्ही संघ लिहून काढलेत. ब्रॅडली पोलाद कारखाना आणि हार्लन काच कारखाना, सात सामने. ब्रॅडलीच्या शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, पत्त्यावर नाव आहे 'कोवालचिक, ई.' म्हणजे माझा नवरा, वय वर्षं चोवीस.

"तू खेळायचास ते माहीत होतं, अंतिम सामन्यात होतास ते नाही सांगितलंस," मी म्हटलं.

"थोडंफार खेळलो," तो म्हणाला. "दर ऑक्टोबरात आम्ही ही मालिका परत खेळायचो. मी ब्रॅडली, वर्ना हार्लन. तू होशील का हार्लन?"

आम्ही. म्हणजे तो आणि त्याची पहिली बायको. तेवढा एक शब्द मला दिवसभर पुरला.

९ ऑक्टोबर, रविवार

पहिला सामना, जेवणानंतर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी हरले, ७-२.

या घरची पद्धत अशी. ज्याची बॅटिंग, त्याने बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात फासे टाकायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचा. समोरच्याने पत्ता वाचायचा. दुसऱ्याच्या झाकणात डोकवायचं नाही. "हे वर्नाने ठरवलं," एमिल म्हणाला. "डोकावणं म्हणजे अविश्वास." वर्ना अशी, वर्ना तशी. वर्नाच्या फोटोला मी स्वतः फडकं मारते, आणि आता फासेही तिच्या नियमाने टाकायचे.

वहीही मीच लिहायची. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. चेंडू फेकणाऱ्या पिचरचा एक, शॉर्टस्टॉपचा सहा, पहिल्या बेसवाल्याचा तीन. सहाने चेंडू उचलून तीनकडे फेकला आणि गडी बाद झाला की ६-३ लिहायचं. मला सगळं येतं. माझे वडील मला व्हीलिंग शहरात दर रविवारी सामन्याला न्यायचे, आणि चर्चमध्ये बिंगोचे आकडे मी वीस वर्षं पुकारलेत. पण एमिल समजावत राहिला, मीही येत नसल्यासारखं ऐकत राहिले. तो समजावतो तेव्हा पुढे वाकतो, मला ते आवडतं.

चेंडू क्षेत्ररक्षकाकडे गेला की मी परत फासे टाकायचे, त्याच्या हातून सुटला का ते बघायला. बाकीच्यांच्या हातून फक्त दोन एक्के पडले तर सुटतो. 'कोवालचिक, ई.' च्या हातून कुठलीही जोडी पडली की सुटतो.

"स्वतःलाच एवढं कच्चं का केलंस?"

"होतो तसा लिहिला."

११ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा सामनाही गेला. फासे टाकून मी आकडा पटकन पुकारते, बिंगोची सवय. एमिल म्हणाला, "वर्ना इतकी घाई करायची नाही."

मी पेन्सिल ठेवली आणि कोबी चिरायला उठले. गरज नव्हती, कोबी कालचाच शिल्लक होता.

१२ ऑक्टोबर, बुधवार

आज माझ्या खुर्चीवर उशी होती. निळी, टेबलाच्या बाजूला, नेमकी हार्लनच्या खुर्चीवर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिची खुर्ची, तिचं झाकण, तिचा संघ, आता तिची उशीही माझ्या खाली! मी ती उचलली आणि तळघरात धुण्याच्या मशीनमागे टाकली. कठीण खुर्चीवर दीड तास बसले आणि जिंकले, ५-४. एमिलच्या हातून एकदा चेंडू सुटला, मी ठणकावून सांगितलं, "जोडी! तिऱ्या!" त्याने तोंड वाकडं केलं, "असू दे, असू दे," म्हणाला आणि खेळला पुढे.

नंतर खुर्चीकडे बघून म्हणाला, "पाठ नाही ना दुखली?"

"मुळीच नाही."

दुखतेय.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

चर्चमध्ये पिरोगी, म्हणजे उकडायचे कानवले, भरायचा दिवस. टिली माझ्या शेजारी होती. टिलीचा जन्म याच गावचा, तिला सगळ्यांच्या सात पिढ्या पाठ. मी म्हटलं, आमच्या घरी एकावन्नची मालिका चाललीय. तर तिने लाटणंच खाली ठेवलं.

"एमिलने काढली ती? आणि सातवा सामनासुद्धा खेळणार?"

"का? त्यात काय आहे?"

"अगं बाई, तुला सांगितलं नाही त्याने? नवव्या डावात बरोबरी होती. दोन गडी बाद, हार्लनचा माणूस तिसऱ्या बेसवर. साधा सरपटी चेंडू गं, माझ्या आजीने पकडला असता! थेट एमिलकडे आला आणि त्याच्या दोन पायांमधून गेला. हार्लनची धाव झाली. संपलं. सगळा गाव तिथे होता. वर्षभर दुधवालासुद्धा त्याला म्हणायचा, पाय जुळव रे, पाय जुळव."

"आणि वर्ना?"

"वर्ना प्रेक्षकांतून उठून थेट मैदानात गेली. तेव्हा दोघांची धड ओळखही नव्हती. त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, डोळ्यांवर ऊन आलं होतं, मी पाहिलं." टिली हसली. "आभाळ भरलेलं होतं त्या दिवशी."

मी पुढचे वीस पिरोगी असे दाबले की टिली म्हणाली, "उकळल्यावर फुटतील." फुटले नाहीत.

माझी आणि एमिलची ओळख डोळ्यांच्या दवाखान्यात झाली, दोघांच्याही डोळ्यांत औषध घातलेलं होतं आणि दोघांनाही काही दिसत नव्हतं. त्याची कुणी कधी गोष्ट सांगणार नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

एमिलची मुलगी गेल आली होती. अक्रोड भरलेला नटरोल घेऊन आली, तिच्या आईच्या पद्धतीचा, हे सांगायला विसरली नाही. टेबलावर पत्ते बघून दारातच थबकली.

"बाबा, हे तुम्ही परत काढलंत?"

"लिओना खेळतेय," एमिल म्हणाला. "भारी खेळते. माझा पिचर तिने चौथ्या डावातच पळवून लावला."

गेलने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खुर्चीकडे. "आणि उशी कुठे गेली? तुमच्या पाठीसाठी म्हणून बाबांनी मला तीन दुकानं फिरवली. निळीच हवी, लिओनाला निळा आवडतो म्हणे."

मला वाटलं फरशी दुभंगावी. "धुवायला टाकलीय," मी म्हटलं. खोटं म्हणता येणार नाही, मशीनजवळ तर होतीच.

गेल निघताना मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेले. ती किल्ल्या चाळवत म्हणाली, "एक विचारू? सातवा सामना आला की आई मला खोलीबाहेर काढायची. मी कधीच बघितला नाही तो. तुम्ही बघणार." तिचा स्वर मला ओळखीचा वाटला. गेले आठ दिवस या रोजनिशीत मी त्याच स्वरात लिहितेय.

चौथा सामना मी जिंकले. २-२.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

पाचवा हरले. दुपारी एमिल दाढी-केसाला गेला आणि मी वर्नाच्या वह्या काढल्या. १९६० ते १९९०, एकतीस वह्या, शेवटची तिच्या मरणाच्या आधीच्या ऑक्टोबरातली.

का काढल्या ते प्रामाणिकपणे लिहिते. मला तिची एक तरी चूक सापडायला हवी होती. अक्षर गिचमिड असावं, बेरीज चुकलेली असावी. अक्षर सुरेख निघालं. समासात बारीक टिपणं: 'ए. ला सर्दी, सूप.' 'गेलचा दात पडला.' 'ए. आज हसला.' हे शेवटचं वाचून मी वही मिटली, पुन्हा उघडली.

मग बिंगोवाल्या बाईला काहीतरी खटकलं. कोवालचिकच्या हातून पहिल्या सहा सामन्यांत चेंडू सुटलेत, सुटायला हवेत तितके. सहापैकी एकदा जोडी पडायचीच. पण सातव्या सामन्यात नाही. मी खाली बसून एकतीस सातवे सामने पानं लावून मोजले. त्याच्याकडे चेंडू आला एकशे एकोणीस वेळा. सुटला शून्य वेळा. वर्ना त्यातले काही सामने जिंकली, काही हरली, पण सहाच्या नावावर चूक एकही नाही. वीस वर्षं मी आकडे पुकारलेत, असं नशीब कुणाचं नसतं.

जोडी पडायची. वर्ना दुसराच आकडा सांगायची. आणि झाकणात डोकवायचं नाही, हा नियमही तिनेच केला होता.

मला तिची चोरी सापडली. आनंद व्हायला हवा होता. मी जमिनीवर वह्यांच्या मध्ये बसून रडले. असा हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही. माझ्या पहिल्या नवऱ्यासाठी मी एकदाही खोटं बोलले नाही, आणि माझ्यासाठी तर कुणीच बोललं नाही. ही बाई एका माणसासाठी एकतीस वर्षं दर ऑक्टोबरात देवाघरी जाब द्यायची तयारी ठेवून बसायची. जिवंत असती तर भांडले असते. मेलेल्या बाईशी भांडायचं कसं?

२० ऑक्टोबर, गुरुवार

सहावा मी जिंकले. ३-३. एमिलने जेवण अर्धंच टाकलं.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या चेंडू सहाकडे जाणारच, एकदा नाही तर चारदा. आणि जोडी पडली तर?

खरं सांगितलं, तर माझ्या तोंडून त्याला तो दिवस परत ऐकावा लागेल. वर्नाने जे एकतीस वर्षं होऊ दिलं नाही ते तेरा महिन्यांच्या बायकोने केलं, असं होईल. खोटं सांगितलं, तर मी वर्नाची नक्कल, तीही कच्ची. तिच्या खुर्चीवर बसून तिचंच खोटं बोलणारी. मग या घरात माझं असं काय उरलं? पडदेसुद्धा तिचेच आहेत.

आज चार वेळा देवाला विनवलं की जोडी पाडू नकोस. पाचव्या वेळी लाज वाटली.

तळघरातून उशी आणून खुर्चीवर ठेवली. एमिलने पाहिलं. "धुतली वाटतं," म्हणाला. उशी खडखडीत कोरडी आणि धुळीने माखलेली होती.

२२ ऑक्टोबर, शनिवार

सगळं नीट क्रमाने लिहायचं ठरवलंय.

दुपारी एक वाजता सुरू केलं. एमिल नवा शर्ट घालून बसला होता. मीही कानातले घातले होते.

आठ डाव बिनघोर गेले. सहाकडे चेंडू दोनदा गेला, दोन्हीदा जोडी नाही. एमिलचा पिचर ड्युडेक सातव्या डावापासून दमलेला, पण त्याला काढायला एमिल तयार नाही. "ड्युडेक माझा मित्र होता," म्हणतो.

"मेला ना तो?"

"म्हणून काय झालं?"

नवव्या डावात ब्रॅडली ४-३ ने पुढे. माझी बॅटिंग, दोन गडी बाद, माझा माणूस तिसऱ्या बेसवर. एमिलने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. मी फासे टाकले, तांबड्यावर चार, पांढऱ्यावर एक. "एक्केचाळीस."

त्याने पत्ता वाचला. बराच वेळ वाचला. "सरपटी. शॉर्टस्टॉपकडे."

मी परत फासे टाकले. दुऱ्या. दोन्ही.

दोन तांबडे-पांढरे डोळे झाकणातून माझ्याकडे बघत होते. मी काय करणार ते मला ठाऊक नव्हतं, हे अगदी खरं आहे. तोंड उघडलं आणि आवाज बाहेर आला, "पाच आणि दोन. बाद. सहा-तीन." वर लगेच म्हटलं, "जिंकलास की रे!"

एमिल हलला नाही. झाकणाकडेही पाहिलं नाही, माझ्याकडे पाहत होता.

"तू तर पटकन सांगतेस," तो म्हणाला. "बिंगोसारखं. गेले सहा सामने, फासे थांबायच्या आत."

"मग?"

"आत्ता थांबलीस. वर्नाही एवढीच थांबायची."

माझ्या हातातली पेन्सिल टेबलावर पडली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं. तिला वाटायचं मला कळत नाही, मीही तसंच वाटू दिलं. तिला तेवढा एकच हट्ट होता." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. नवा शर्ट, डाग पडला. "एकतीस वर्षं तो चेंडू मी पकडतोय, लिओना. त्याच्या पुढे काय होतं, ते मला माहीतच नाही. मी डोकावणार नाही. तू परत वाच."

"नाही वाचणार."

"का?"

"कारण ती तुझ्यासाठी मैदानात धावत आली आणि मी तुझ्या पायांमधून चेंडू घालवू? मला नाही जमायचं. सगळ्या चांगल्या गोष्टी तिने करून ठेवल्या आणि वाईट तेवढी माझ्यासाठी ठेवली!" हे मी ओरडून म्हटलं. शेजारच्या कुत्र्याने भुंकून साथ दिली.

"हे तिच्याकडे कुणी मागितलं नव्हतं," एमिल म्हणाला. "तुझ्याकडे मी मागतोय. वाच."

मी वाचलं. "दोन आणि दोन. जोडी. सुटला."

माझा तिसऱ्या बेसवरचा माणूस घरी आला, एक धाव. ४-४. वहीत मी चूक लिहिली आणि पुढे सहाचा आकडा. घाईत लिहिलेला तो सहा शून्यासारखा दिसतो.

एमिलने डोळे मिटले. मला वाटलं आता उठून तो परसात जाईल. त्याने डोळे उघडले, घसा साफ केला आणि विचारलं, "पुढचा कोण?"

"अं?"

"बॅटर कोण तुझा? एकावन्न साली तिथेच संपलं होतं. इथे नाही संपलं, बरोबरी आहे. टाक की फासे, बाई!"

मी टाकले. पुन्हा सरपटी, पुन्हा शॉर्टस्टॉपकडे. शपथेवर सांगते, असंच पडलं. आणि परत टाकले तेव्हा सहा आणि एक. यावेळी फासे थांबायच्या आत पुकारलं. "सहा-तीन! बाद!" तर हा सदुसष्ट वर्षांचा माणूस खुर्चीतून उठला, खाली वाकला, काहीच नसलेला चेंडू उचलला आणि फ्रिजच्या दिशेने फेकला. खाली बसताना "आई गं," म्हणून कंबर धरली.

जादा डाव लागले, आणि अकराव्या डावात माझ्या उजव्या बाजूच्या खेळाडूने ड्युडेकचा चेंडू कुंपणाबाहेर टोलवला. हार्लन ५, ब्रॅडली ४. मी अजिंक्य.

"ड्युडेकमुळे हरलो," एमिल म्हणाला. "आठव्यातच काढायला हवा होता त्या गाढवाला. तुला सांगतो, ड्युडेकमुळे!" जेवताना तेच, भांडी पुसताना तेच. मग गेलला फोन करून पुन्हा पहिल्यापासून ड्युडेक. तिने काहीतरी विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "हो, माझ्याही हातून एक सुटला," आणि परत ड्युडेकवर आला.

२३ ऑक्टोबर, रविवार

चर्चला जायच्या आधी चार ओळी.

एमिलने खोका आवरला. वर्नाच्या एकतीस वह्या खाली, माझी वर. मी त्याला थांबवलं आणि माझी काढून घेतली.

"अगं, एका जागी राहू दे की सगळ्या," तो म्हणाला.

नाही राहू देणार. तिच्याकडे तो मैदानातला दिवस आहे, गेल आहे, एकशे एकोणीस वेळा पकडलेला चेंडू आहे. घेऊ दे तिला सगळं. सातव्या सामन्यात सुटलेला चेंडू एकच आहे, तो माझ्या अक्षरात आहे, आणि ती वही माझ्या कपड्यांच्या खणात राहील.